यंत्रावर आळ घेण्याआधी

पडदा आणि छापील प्रत यांचा रंग जुळेनासा झाला की पहिला अर्धा तास कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. तू नेमकं उलटं करतेस. गिऱ्हाइकाने करिझ्मा अल्बम परत आणला की लगेच रंग मोजायचं यंत्र पडद्याला लटकवतेस, पाऊण तास मोजणी चालवतेस, नवं प्रोफाइल बनवतेस, आणि ते आधीच्यापेक्षा वाईट निघालं की ‘काका, यंत्र गेलं’ म्हणून मोकळी होतेस. अगं, यंत्र सहसा गेलेलं नसतं. संगणक आणि पडदा यांच्यामध्ये तिसराच कुणीतरी रंग ढवळत असतो आणि तू त्या ढवळलेल्या रंगाची काटेकोर मोजणी करून ठेवतेस.

म्हणून क्रम लक्षात ठेव. आधी हा तिसरा शोधायचा. मग यंत्र बघायचं. मग यंत्राला दिलेली दुरुस्तीची फाइल. सॉफ्टवेअरवर संशय सगळ्यात शेवटी.

हा तिसरा एकटा नसतो, टोळीच असते. विंडोजमधल्या ‘नाइट लाइट’ला वेळ लावलेली असेल तर तो संध्याकाळी आपोआप सुरू होतो आणि सकाळी बनवलेलं प्रोफाइल रात्री पिवळं दिसतं. मॅकवर ‘ट्रू टोन’ आणि ‘नाइट शिफ्ट’ तेच करतात. इंटेलच्या ग्राफिकमध्ये वीज वाचवण्याची एक सोय आहे, ती चित्र गडद असलं की मागचा दिवा मंद करते आणि भरपाई म्हणून चित्र उजळवते. एएमडीची ‘व्हॅरी-ब्राइट’ त्याच जातीची. मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’, ‘इको’, खोलीतला उजेड बघून प्रकाश बदलणारा सेन्सर असे आणखी तिघं-चौघं बसलेले असतात. विंडोजमध्ये एचडीआर चुकून चालू राहिलं असेल तर साध्या मोडसाठी केलेल्या मोजणीला काही अर्थच उरत नाही. आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, पडदा आपोआप मंद झाला आणि मोजणी मात्र पुढे चालूच राहिली. मोजणीच्या वेळी लॅपटॉप चार्जरवरच हवा आणि बॅटरीवर प्रकाश कमी करणारी सोय बंद हवी.

ही टोळी पकडायची युक्ती साधी आहे. पडद्याच्या मधोमध मध्यम राखाडी चौकोन ठेव, भोवती सगळं पांढरं कर आणि यंत्राने चौकोन मोज. मग भोवतालचं काळं कर आणि पुन्हा मोज. साध्या एलसीडीवर आकडा किंचितच हलायला हवा. तो ठळक हलला तर कुणीतरी चित्र बघून प्रकाश बदलतंय, आणि तो सापडेपर्यंत कॅलिब्रेशन व्यर्थ आहे. ओएलईडी पडदा मोठ्या पांढऱ्यावर स्वभावतःच मंद होतो, त्याला हा नियम लावू नकोस. तिथे चौकोन लहान ठेवायचा आणि भोवती काळं.

एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरची एक वेगळी खोड आहे. ग्राफिक कार्ड त्याला टीव्ही समजतं आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढ्याच पायऱ्या पाठवतं. मॉनिटर पूर्ण पायऱ्यांची वाट बघत असला तर काळा राखाडी होतो आणि पांढरा मळतो. उलट जोडणी चुकली तर सावल्यांतला तपशील गिळला जातो, काळ्या शेरवानीवरची जर दिसेनाशी होते. सॉफ्टवेअरमध्ये ‘अनकॅलिब्रेटेड’ पडद्याचा अहवाल काढता येतो, त्यात कॉन्ट्रास्टचा आकडा बघ. चांगल्या आयपीएस पडद्याचा तो १००० च्या आसपास असतो. तो अडीचशे-तीनशे दिसला तर पॅनेलला दोष देऊ नकोस, कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘फुल रेंज’ कर.

या टोळीतला शेवटचा तर आपणच घरात घेतलेला असतो, तो म्हणजे लोडर. कॅलिब्रेशनचा कर्व्ह ग्राफिक कार्डात भरणारा हा छोटा प्रोग्राम कोपऱ्यात बसलेला असतो. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा एक, डिस्प्लेकॅल या कॅलिब्रेशन सॉफ्टवेअरचा दुसरा, विंडोजचा स्वतःचा तिसरा. तिघं आळीपाळीने आपापला कर्व्ह भरतात आणि पडदा मध्येच क्षणभर निळसर-पिवळसर होतो. एका संगणकावर एकच लोडर ठेव, बाकीचे सुरुवातीलाच बंद कर. लोडर ठेवावा मात्र लागतोच, कारण संगणक झोपून उठला किंवा एखादा खेळ पूर्ण पडद्यावर उघडला की कार्डातला कर्व्ह पुसला जाऊ शकतो.

आता यंत्र. ‘इन्स्ट्रुमेंट सापडलं नाही’ असं आलं की आधी वायर बघ. कीबोर्डच्या किंवा मॉनिटरच्या हबमध्ये नको, थेट संगणकाच्या यूएसबीत लाव. लांबवणारी वायर काढून टाक. एवढ्यानेच निम्म्या तक्रारी मिटतात. तरीही दिसत नसेल तर कंपनीचा कोपऱ्यातला प्रोग्राम यंत्र धरून बसलाय का बघ, कारण एका वेळी एकच मालक यंत्राशी बोलू शकतो. विंडोजवर ड्रायव्हरचा घोळही असतो. आयवन डिस्प्ले प्रो साध्या कीबोर्ड-माउससारखं ओळखलं जातं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पण आयवन प्रो, कलरमंकी, स्पायडर यांना आर्गिल या फुकट कॅलिब्रेशन सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर घालावा लागतो, आणि तो घातला की कंपनीच्या सॉफ्टवेअरला यंत्र दिसेनासं होतं. हा बिघाड नव्हे. दोन्हीपैकी एक निवड आणि तिथेच राहा. लिनक्सवर यंत्र फक्त सुपरयूजरला दिसतं, तुला नाही, असं झालं तर परवानगीचा नियम बसवलेला नाही एवढंच.

यंत्र दिसतंय, पण आकडे वेडेवाकडे येत असतील तर झाकण बघ. हसू नकोस. आयवन डिस्प्ले प्रोवर खोलीतला उजेड मोजायचं पांढरं दुधी झाकण फिरतं असतं. ते लेन्सवर राहिलं की पडद्याचा सगळा हिशेबच चुकतो. कलरमंकीची गोल चकती चुकीच्या खुणेवर राहते. स्पेक्ट्रोला, म्हणजे आयवन प्रोसारख्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला, त्याच्या पांढऱ्या फरशीवर ठेवूनच स्वतःची मोजणी करू दे, आणि फरशी त्याचीच हवी. आयवन प्रोच्या फरशीवर नंबर असतो, तो यंत्राच्या नंबराशी जुळतो का बघ. छपाईखान्यात दोन यंत्रं असली की फरश्यांची अदलाबदल झालेली असतेच.

लटकवण्याचीही रीत आहे. पडदा थोडा मागे कलव, म्हणजे यंत्र आपल्या वजनाने सपाट टेकतं. हाताने दाबू नकोस, दाबलेल्या जागी पॅनेलचा प्रकाश बदलतो. खोलीतला दिवा मालव, खिडकी झाक आणि पंखा बंद कर. वर पंखा गरगरत असताना यंत्र हलत राहतं आणि कडेने उजेड शिरतो. पडदा किमान अर्धा तास चालू असू दे. मग एकच पांढरा चौकोन थोड्या थोड्या अंतराने मोजत राहा. आर्गिलमध्ये त्यासाठी ‘स्पॉटरीड’ नावाची आज्ञा आहे. आकडा एकाच दिशेने सरकतोय तर पडदा अजून गरम होतोय. दोन्ही बाजूंना उड्या मारतोय तर यंत्र नीट टेकलेलं नाही, किंवा मागचा दिवा लुकलुकतोय आणि मोजण्याचा मोड चुकलाय. हे पाच मिनिटांचं काम आहे. पुढचा पाऊण तास वाया जाण्यापेक्षा हे बरं.

सगळ्यात जास्त लोक गंडतात ते दुरुस्तीच्या फाइलपाशी. तिथे जरा थांबून समजून घे.

तुझं यंत्र कलरीमीटर आहे. त्याच्या पोटात रंगीत काचा आहेत आणि त्या माणसाच्या डोळ्याची नक्कल करतात. नक्कल कधीच हुबेहूब नसते, आणि ती किती चुकते हे समोरच्या पडद्याच्या दिव्यावर ठरतं. जुन्या एलसीडीत बारीक ट्यूबलाइट असायची. मग निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर लावलेला पांढरा एलईडी आला. आताच्या वाइड-गॅमट पडद्यांत लाल रंगासाठी पीएफएस नावाचा फॉस्फर असतो, त्याचा लाल प्रकाश ६३० नॅनोमीटरच्या आसपास सुईसारख्या अरुंद रेघांत येतो. ट्यूबलाइटच्या हिशेबाने यंत्र या पडद्यावर चालवलंस तर पांढरा गुलाबी किंवा हिरवट निघणार. सॉफ्टवेअर तक्रार करणार नाही, त्याला कळणारच नाही.

म्हणून पडदा कुठल्या जातीचा हे आधी ठरव. माहितीपत्रकात एसआरजीबी १०० टक्के एवढंच लिहिलं असेल तर बहुधा साधा पांढरा एलईडी. डीसीआय-पी३ चे ९५ टक्क्यांच्या पुढे लिहिलं असेल तर बहुधा पीएफएस. मग दुरुस्तीची फाइल निवड. तिच्या दोन जाती आहेत आणि फरक महत्त्वाचा आहे. सीसीएमएक्स ही एका विशिष्ट यंत्राची एका विशिष्ट पडद्यावरची दुरुस्ती असते, स्पेक्ट्रोशी ताडून काढलेली. सीसीएसएस मध्ये पडद्याच्या प्रकाशाचा वर्णपट असतो, आणि यंत्राच्या काचा कशा आहेत ही माहिती यंत्र स्वतःच्या पोटातून देतं. आयवन डिस्प्ले प्रोला ती माहिती कारखान्यातच भरलेली असते. आता विचार कर. डिस्प्लेकॅलने जगभरच्या लोकांच्या फाइलींचा साठा खुला ठेवला होता. तिथून परक्या माणसाची सीसीएमएक्स उतरवलीस तर त्याच्या पडद्याबरोबर त्याच्या यंत्राची खोडही घरात आणलीस. सीसीएसएस घेतलीस तर फक्त पडद्याची जात येते. उसनं घ्यायचंच तर सीसीएसएस घे.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे एक दिवस स्पेक्ट्रो मागून आणणे. संगणकावरून थेट प्लेट काढणारं सीटीपी असलेल्या मोठ्या छपाईखान्यात आयवन प्रो असतोच, ओळखीने मिळतो. तो आणलास की तुझ्या प्रत्येक पडद्यासाठी तुझ्याच यंत्राची सीसीएमएक्स बनवून ठेव. ती मात्र खरी घरची. पीएफएसच्या पडद्यावर स्पेक्ट्रो ‘हाय-रेझ’ मोडमध्ये चालव, नाहीतर त्या सुया त्याला दिसत नाहीत. आणि रोजची मोजणी स्पेक्ट्रोनेच करावी असा मोह धरू नकोस. मंद प्रकाशात तो अडखळतो, काळ्याचे आकडे त्याचे भरवशाचे नसतात. तिथे कलरीमीटरच सरस.

मोजणी संपली की सॉफ्टवेअर एक देखणा अहवाल देतं. सरासरी डेल्टा-ई (हव्या आणि मोजलेल्या रंगातला फरक) ०.४, कमाल १.२, सगळीकडे हिरवी खूण. तो बघून हुरळू नकोस. वाण्याने आपलीच वजनं आपल्याच काट्यावर तोलून दाखवली तर वैधमापनवाले मान डोलावतील का? ज्या यंत्राने आणि ज्या दुरुस्तीच्या फाइलने प्रोफाइल बनवलं, त्यांनीच तपासणी केली आहे. अहवाल एवढंच सांगतो की काल आणि आज यंत्र स्वतःशी सहमत आहे. फाइल चुकीची असेल तर पांढरा गुलाबी दिसत असतानाही हिरवी खूण येते. या अहवालाचा खरा उपयोग पुढे असतो. महिन्याने नवी मोजणी न करता तीच तपासणी पुन्हा चालव. डेल्टा-ई चारावर गेला असेल तर पडदा हलला, किंवा टोळीतला कुणीतरी परत आला.

दोन पडदे शेजारी ठेवून दोन्हींचे आकडे अगदी सारखे आणि डोळ्याला मात्र वेगळे, हे तू बघितलं आहेस. यात कुणाचा दोष नाही. हे सगळे आकडे १९३१ साली ठरलेल्या प्रमाण डोळ्यावर उभे आहेत, आणि तो डोळा इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड यांनी स्वतंत्रपणे, दोघांचे मिळून जेमतेम १७ माणसांवर केलेल्या प्रयोगांतून निघाला. पांढऱ्या एलईडीसारख्या पसरट प्रकाशावर तो बरा चालतो. पीएफएस किंवा ओएलईडीच्या अरुंद रेघांवर माणसामाणसातला फरक उघडा पडतो. अशा वेळी एक पडदा मुख्य मान. दुसऱ्याचा पांढरा डोळ्यांनी त्याच्याशी जुळव. डिस्प्लेकॅलमध्ये त्यासाठी डोळ्याने पांढरा ठरवायची खिडकी आहे. जुळलेला पांढरा यंत्राने मोज आणि तोच आकडा दुसऱ्या पडद्याचं लक्ष्य म्हणून दे. हे जुळवायचं काम तू कर, मला बोलावू नकोस. माझ्या वयाला डोळ्यातलं भिंग पिवळं पडलेलं असतं. पांढऱ्याच्या वादात म्हाताऱ्याचं मत घ्यायचं नसतं.

लक्ष्य काय द्यायचं यावर फार वाद घालू नकोस. गॅमा २.२ ठेव. प्रकाश ८० ते १२० कॅन्डेला, खोली अंधारी असेल तर खालच्या बाजूला. कारखान्यातून आलेला मॉनिटर तीनशेवर जळत असतो, आणि ‘प्रिंट काळी आली’ ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यावरूनच येते. प्रकाश मॉनिटरच्या बटणाने कमी कर, सॉफ्टवेअरच्या कर्व्हने नव्हे. पांढरा जुळवतानाही लाल-हिरवा-निळा मॉनिटरच्या मेन्यूतूनच आधी जवळ आण. जेवढं काम कर्व्हवर टाकशील तेवढ्या पायऱ्या कमी होतील आणि आभाळाच्या फिकट निळ्यात पट्टे उमटतील. लॅपटॉपला ती बटणं नसतात, तिथे पांढरा जसा आहे तसाच राहू दे.

कागदाशी जुळवायचं असेल तर कागदावर कुठला दिवा पडतोय ते आधी बघ. छपाईच्या आयएसओ ३६६४ या मानकात ५००० केल्व्हिनच्या जवळचा डी५० प्रकाश सांगितलाय. आपल्या बहुतेक छपाईखान्यांत डोक्यावर ६५०० केल्व्हिनची पांढरी नळी असते. डी५० ला लावलेला पडदा त्या नळीखालच्या कागदाशेजारी पिवळा दिसणारच. एक तर नळी बदल, नाहीतर तिथल्या कागदाशी पांढरा जुळव.

प्रोफाइल चांगलं आहे आणि तरी एका प्रोग्राममध्ये रंग वेगळा, दुसऱ्यात वेगळा, असं झालं तर तो प्रोग्राम प्रोफाइल वाचतच नसेल. वाइड-गॅमट पडद्यावर हे लगेच कळतं. हळदीच्या कार्यक्रमातले चेहरे फोटोशॉपमध्ये ठीक आणि साध्या व्ह्यूअरमध्ये नारिंगी. तपासायला मुद्दाम उलट्या रंगांचं प्रोफाइल जोडलेली चाचणी-प्रतिमा वापर. जो प्रोग्राम प्रोफाइल पाळतो त्यात चित्र सरळ दिसतं, बाकीच्यांत भलतेच रंग येतात. काही प्रोग्राम प्रोफाइल वाचतात, पण मोठ्या सारणीचं प्रोफाइल दिलं की सावल्या खराब करतात. त्यांच्यासाठी ‘कर्व्ह आणि मॅट्रिक्स’ जातीचं साधं प्रोफाइल बनव. दोन पडदे असतील तर प्रोफाइलांची अदलाबदल झाली नाही ना तेही बघ. आणि फोटोशॉपच्या वर्किंग स्पेसमध्ये मॉनिटरचं प्रोफाइल कधीही निवडू नकोस, तिथे एसआरजीबी किंवा अडोबी आरजीबीच.

पैठणीच्या मोरपंखी रंगाचं मात्र गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेव. तो एसआरजीबीच्या हद्दीबाहेर जातो, छपाईच्या चार शायांच्याही बाहेर जातो. कुठल्याही कॅलिब्रेशनने तो कागदावर येणार नाही.

सॉफ्टवेअरचं सांगण्यासारखं थोडंच आहे. आर्गिल ग्रॅम गिल यांनी लिहिलेलं, फुकट आणि भक्कम. डिस्प्लेकॅल हा त्यावर फ्लोरियन ह्योख यांनी चढवलेला चेहरा. तो पायथन २ वर उभा होता, त्या पायथनचा आधार २०२० च्या सुरुवातीला संपला आणि मूळ डिस्प्लेकॅल तिथेच थांबलं. नव्या संगणकावर पायथन ३ वर नेलेली आवृत्ती घे, आर्गिलही ताजं घे. फाइलींची नावं साध्या रोमन अक्षरांत ठेव. मोजणी मध्येच तुटली तर लॉगच्या शेवटच्या दहा ओळी वाच, कारण बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.

राहिला पावसाळा. यंत्र टेबलावर उघडं टाकू नकोस, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. लेन्सवर धूळ बसली तर रबरी ब्लोअरने उडव, स्पिरिट लावू नकोस. आणि जुन्या बाजारात आयवन डिस्प्ले २ किंवा स्पायडर २-३ स्वस्तात दिसले तर हात लावू नकोस. त्या काळच्या फिल्टरांचा रंग वयाने आणि दमटपणाने उतरतो आणि कुठल्याही सॉफ्टवेअरला ते कळत नाही. फुकट दिलं तरी घेऊ नकोस.